प्लस सी

बारावी सायन्स केलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, इंटिग्रेशन करताना काय विसरायचं नाही? तो झोपेतच सांगेल, प्लस सी. आमच्या क्लासचे सर फळ्यावर उत्तर लिहायचे, खडू खाली ठेवायचे आणि आमच्याकडे बघत उभे राहायचे. सगळी पोरं एका सुरात ओरडायची, ‘प्लस सी!’ मग सर वळून तेवढं लिहायचे. हा सी कुठून येतो, त्याचं पुढे काय होतं, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. मार्क जाऊ नये म्हणून तो लिहायचा.

पुढे मी मेकॅनिकलला गेलो आणि मेकॅनिकलच्या निम्म्या वर्गासारखा आज पोटापाण्यासाठी कोड लिहितो. थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक गेली सहा-सात वर्षं माळ्यावर होतं. या उन्हाळ्यात ते खाली काढलं. निमित्त होतं मी एका माणसाबद्दल लिहिलेलं एक वाक्य. ते वाक्य चुकीचं आहे हे मला कळत होतं, पण नेमकं कुठे चुकलंय ते सापडत नव्हतं. शेवटी ते त्या पुस्तकात सापडलं, प्लस सीच्या जागी.

आधी ते वाक्य सांगतो.

माझ्या टीममध्ये एकाच महिन्यात दोन नवी मुलं आली. एक तो, एक ती. दोघांचा पहिलाच जॉब. आमच्याकडे एक डॅशबोर्ड आहे. कोणी किती तिकिटं बंद केली, किती वेळात केली, कुणाचं किती काम परत आलं, सगळं त्यावर दिसतं. पहिले सहा महिने दोघांचे आलेख जवळपास एकावर एक बसत होते. मीटिंगमध्ये मी म्हणालोही होतो, ‘दोघं अगदी सारखे आहेत.’

पुढच्या सहा महिन्यांत त्याचा आलेख खाली आला. तिकिटं निम्म्यावर आली. रात्रीच्या ऑन-कॉलला दोनदा अलर्ट हुकला. तिचा आलेख होता तसाच राहिला. अप्रेझलचा फॉर्म आला तेव्हा त्याच्या नावापुढे मी लिहिलं, ‘प्रेशरखाली सातत्य टिकत नाही.’ मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचलं गेलं, कुणी प्रश्न विचारला नाही, मिनिटभरात पुढचं नाव आलं. त्याचं रेटिंग एका पायरीने उतरलं. मी त्याला समोर बसवून ते वाक्य समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे दादा.’ दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी आम्ही टपरीवर चहा प्यायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, घरी सगळं बरं ना? दीड वर्षात पहिल्यांदाच विचारत होतो. त्याने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. पावसाळ्यात वडिलांना लकवा मारला. सोलापूरला दवाखान्यात होते. आईला कागदपत्रांतलं काही कळत नाही, म्हणून दर शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून हा जायचा. त्याच सुमारास त्याच्यासोबत खोलीवर राहणारा, स्वयंपाक सांभाळणारा चुलतभाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला. ते दोन हुकलेले अलर्ट दवाखान्याच्या कॉरिडॉरमधले होते. मोबाईलचं हॉटस्पॉट तुटलं होतं.

‘सांगायचं ना रे,’ मी म्हणालो.

‘सांगून काय झालं असतं दादा? तिकिटं तर बंद व्हायलाच पाहिजे होती.’

इथपर्यंतची गोष्ट नेहमीची आहे. यातून निघणारा नेहमीचा धडाही तुम्हाला माहीत आहे: माणसाला वरवर बघून जोखू नये. मी तोच धडा घेऊन घरी आलो, पण त्याने समाधान होईना. कारण मी वरवर बघितलंच नव्हतं. माझ्याकडे वर्षभराचे आकडे होते आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मग खऱ्या आकड्यांवरून मी खोटं वाक्य कसं काय लिहिलं? ही चूक कोणत्या पायरीवर झाली?

आता थोडा वेळ सिलिंडर आणि पिस्टन डोळ्यांसमोर आणा. गणिताला घाबरू नका, इथे मार्क नाहीत.

सिलिंडरमध्ये वायू आहे. बाहेरून तीन गोष्टी मोजता येतात: दाब, आकारमान आणि तापमान. या तिघांना बांधणाऱ्या नियमाला अवस्था-समीकरण म्हणतात. सगळ्यांना पाठ असलेलं म्हणजे पीव्ही = एनआरटी. इतकं आकारमान, इतकं तापमान, तर दाब किती, हे ते सांगतं. आमच्या डॅशबोर्डचं कामही हेच. अमुक परिस्थितीत हा माणूस बाहेरून कसा दिसतो, तेवढं तो दाखवतो.

पण इंजिनिअरला बाहेरचं रूप पुरत नाही. त्याला विचारायचं असतं, या वायूकडून काम किती करून घेता येईल? त्यासाठी एक वेगळी राशी लागते, मुक्त ऊर्जा. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झने १८८२ मध्ये हे नाव रूढ केलं. पदार्थात ऊर्जा भरपूर असते, पण ती सगळीच कामाला जुंपता येत नाही. तापमान स्थिर ठेवून जास्तीत जास्त जेवढं काम निघू शकतं, तेवढा मुक्त ऊर्जेतला फरक. एखाद्या पदार्थाची मुक्त ऊर्जा तापमान आणि आकारमानाच्या हिशेबात पूर्ण माहीत असेल, तर त्याचा दाब, त्याची एन्ट्रॉपी, तो तापायला किती उष्णता लागेल, सगळं तिच्यातून काढता येतं. फ्रान्सचा फ्रांस्वा मास्यू आणि अमेरिकेचा विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या आगेमागे हे दाखवून दिलं. एक सूत्र मिळालं की पदार्थाची सगळी कुंडली हातात.

मग साहजिकच मोह होतो. अवस्था-समीकरण तर आपल्याकडे आहे, त्यातूनच मुक्त ऊर्जा काढता येईल का?

येते, बऱ्यापैकी सहज. तापमान स्थिर ठेवून आकारमान किंचित वाढवलं, तर मुक्त ऊर्जा ज्या दराने घटते तो दर म्हणजेच दाब. म्हणून उलट दिशेने जायचं असेल, तर दाबाचं आकारमानावर इंटिग्रेशन करायचं. पीव्ही = एनआरटीचं उत्तर एका ओळीत येतं: मुक्त ऊर्जा = उणे एनआरटी गुणिले आकारमानाचा लॉग.

आणि शेवटी प्लस सी.

फक्त हा सी बारावीतला साधा आकडा नाही. इंटिग्रेशन करताना आपण तापमान बांधून ठेवलं होतं. म्हणजे जे काही केवळ तापमानावर अवलंबून आहे, ते या सगळ्या खटाटोपात आपल्याला दिसलेलंच नाही. म्हणून प्लस सीच्या जागी तापमानाचं एक आख्खं फंक्शन येतं. त्याला फाय ऑफ टी म्हणू. ते काहीही असू शकतं. कोणतंही घाला, दाब तोच येईल. अवस्था-समीकरण त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

एका डोंगराच्या अंगावरून जाणारे दहा समांतर रस्ते आहेत असं समजा. एकेक रस्ता म्हणजे एकेक तापमान. अवस्था-समीकरण तुम्हाला प्रत्येक रस्त्यावरचा चढ-उतार अचूक सांगतं. पण हा रस्ता त्या रस्त्यापेक्षा किती उंचावर आहे, हे रस्त्यावरून चालून कळत नाही. त्यासाठी एका रस्त्यावरून दुसऱ्यावर डोंगर चढूनच जावं लागतं.

हे फक्त कागदावरचं नाही. एका सिलिंडरमध्ये हेलियम घ्या, दुसऱ्यात नायट्रोजन. दोन्हींचा एकेक मोल, तापमान ३०० केल्विन, म्हणजे पुण्यातली साधारण दुपार. दोन्ही वायू इथे पीव्ही = एनआरटी जवळपास तंतोतंत पाळतात. तापमान स्थिर ठेवून दोन्हींचं आकारमान दुप्पट होऊ द्या. जास्तीत जास्त काम मिळेल सुमारे १,७२९ ज्यूल. दोन्हींकडून तेवढंच. दाबमापकावर दोघांत काडीचा फरक नाही. डॅशबोर्डच्या भाषेत, अगदी सारखे.

आता दोन्ही सिलिंडरांचे पिस्टन पक्के करा आणि तापमान १०० अंशांनी वाढवा. दाब दोन्हींत एकसारखाच वाढतो, एक तृतीयांशाने. पण त्यासाठी हेलियमला सुमारे १,२४७ ज्यूल उष्णता द्यावी लागते आणि नायट्रोजनला सुमारे २,०७९. जास्तीचे आठशेहून अधिक ज्यूल कुठे गेले? हेलियमचा कण म्हणजे एकटा अणू. तो फक्त इकडून तिकडे धावतो. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू जोडलेले असतात, त्यामुळे तो धावतो आणि स्वतःभोवती फिरतोही. दाब पडतो तो भिंतीवर आदळणाऱ्या धावण्यामुळे. फिरणं भिंतीला ढकलत नाही. त्या फिरण्यात कितीही ऊर्जा मुरली तरी दाबमापकाचा काटा तिच्यासाठी हलत नाही. तीच फाय ऑफ टीमध्ये बसलेली असते.

हे वाचताना मी पहिल्यांदा थांबलो. पण खरा धक्का पुढच्या पानावर होता.

मघाचे १,७२९ ज्यूल काम, ते आलं कुठून? आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. तापमान बदललं नाही, म्हणजे वायूने स्वतःच्या खिशातून एक ज्यूलही काढला नाही. सगळेच्या सगळे १,७२९ ज्यूल बाहेरून आले, सिलिंडरभोवतीच्या हवेतून, पाण्यातून, उष्णतेच्या रूपात, भिंतीतून झिरपत. वायूने ते फक्त कामात बदलले. पुस्तकात मात्र लिहिलेलं असतं, ‘वायूने केलेलं काम’.

माझा रेझ्युमेही असाच लिहिलेला आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं आई पहाटे उठून डबा करायची. परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही बंद असायचा. फीचा हप्ता कधी चुकला नाही, कारण वडिलांचा पगार कधी चुकला नाही. माझं तापमान स्थिर राहिलं. आत झिरपणारी उष्णता मला कधी जाणवली नाही, कारण तिचं कामच तापमान पडू न देणं हे होतं. खूप दिवस मला प्रामाणिकपणे वाटत होतं की ते ज्यूल माझे आहेत.

आता त्याच दोन सिलिंडरांभोवती जाड आवरण घाला. बाहेरून काही आत येणार नाही, आतून काही बाहेर जाणार नाही. पुन्हा आकारमान सावकाश दुप्पट होऊ द्या. आता वायूला काम स्वतःच्या ऊर्जेतून करावं लागतं. हेलियम ३०० केल्विनवरून सुमारे १८९ वर घसरतो, नायट्रोजन सुमारे २२७ वर थांबतो. जे दोन वायू इतका वेळ हुबेहूब दिसत होते, त्यांच्यात ३८ अंशांचं अंतर पडलं. अवस्था-समीकरणाने याची चाहूलही दिली नव्हती. देणं शक्यच नव्हतं.

माझं वाक्य कुठे चुकलं ते मला इथे दिसलं. पहिले सहा महिने ती दोघं ‘सारखी’ होती ती स्थिर तापमानात. मग एका सिलिंडरभोवतीचं पाणी कुणीतरी काढून घेतलं. भाऊ गेला, वडील पडले, झोप गेली. काटा खाली आला. काटा खाली आल्याचं मला दिसलं. पण तो वायू थोडक्यात थंड होणारा आहे म्हणून आला, की त्याच्याभोवती आता काहीच उरलं नाही म्हणून आला, हे काट्यावरून सांगता येत नाही. मी मात्र बेधडक सांगितलं. ‘दोन अलर्ट हुकले’ हे दाबमापकाचं वाचन होतं आणि ते खरं होतं. ‘प्रेशरखाली सातत्य टिकत नाही’ हे त्याच्या फाय ऑफ टीबद्दलचं विधान होतं आणि त्याबद्दल माझ्याकडे शून्य माहिती होती. मला जे माहीत नव्हतं, त्या जागी मी अज्ञात लिहिण्याऐवजी माझ्या सोयीचं फंक्शन भरलं. बारावीत प्लस सी विसरलं तर अर्धा मार्क जायचा, इथे मार्क दुसऱ्याचा गेला.

यावर एक आक्षेप लगेच येईल. मीही तो स्वतःवर घेतला. असं म्हणत बसलं तर कुणाचंच मूल्यमापन करता येणार नाही. प्रत्येकाच्या मागे काही ना काही असतंच. मग अलर्ट हुकल्याची जबाबदारी कुणाची? ज्या ग्राहकाचं बिल त्या रात्री अडकलं, त्याने काय करायचं?

आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तरही त्याच गणितात आहे. अवस्था-समीकरण दुबळं नाही. योहानेस व्हान डर वाल्स नावाचा एक डच शिक्षक होता. लायडनच्या सुताराचा मुलगा. त्या काळी विद्यापीठाच्या परीक्षांना लॅटिन आणि ग्रीक लागायचं. ते त्याला येत नव्हतं, म्हणून दार बंद. पुढे नियम सैल झाला आणि १८७३ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने प्रबंध सादर केला. वायूच्या रेणूंना स्वतःची जागा लागते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोन दुरुस्त्या त्याने पीव्ही = एनआरटीमध्ये केल्या. त्या एका समीकरणातून वायू आणि द्रव यांचं नातं उलगडलं. ठरावीक तापमानाखाली त्याच्या समीकरणाचा आलेख मध्येच वेडावाकडा होतो, आकारमान वाढलं तर दाबही वाढतो, जे प्रत्यक्षात टिकूच शकत नाही. १८७५ मध्ये मॅक्सवेलने त्या वळणातून अशी आडवी रेघ मारली की वरचं आणि खालचं क्षेत्रफळ समान यावं. पदार्थ कोणत्या दाबाला द्रव आणि वाफ यांत विभागला जाईल, ते त्या रेघेवरून कळतं. हेच उत्तर मुक्त ऊर्जेतूनही येतं आणि त्यासाठी फाय ऑफ टी लागत नाही. का? कारण तुलना एकाच तापमानावर आहे. द्रव आणि वाफ दोघांच्या हिशेबात तेच फाय ऑफ टी आहे. वजाबाकी केली की ते उडून जातं.

म्हणजे नियम असा निघतो: एकाच तापमानावर तुलना करा, खुशाल करा. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी तिथे पुरेशा आहेत. तापमान बदलल्यावरही तेच आकडे वापरून तुलना केली, तर तुम्ही न मोजलेली गोष्ट मोजल्याचा आव आणताय.

या नियमाने अलर्ट हुकल्याची जबाबदारी उडत नाही. ते हुकले, त्याने कळवायला हवं होतं, मीही पर्यायी माणूस ठेवायला हवा होता. हे सगळं लिहिता येतं. या नियमाने अडतं ते फक्त एक वाक्य, ‘हा माणूसच असा आहे.’

हा प्रश्न तत्त्वज्ञांनीही चघळलेला आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘मॉरल लक’ याच नावाने दोन निबंध मांडले. नेगेलच्या निबंधात एक अस्वस्थ करणारं उदाहरण आहे. नाझी सत्तेवर आले नसते, तर छळछावणीचा एखादा अधिकारी जर्मनीत निरुपद्रवी आयुष्य जगला असता. आणि अर्जेंटिनात शांतपणे जगणारा एखादा माणूस धंद्यासाठी १९३० साली जर्मनी सोडून गेला नसता, तर तोच अधिकारी झाला असता. आपण दोष देतो ते घडलेल्या गोष्टींना, आणि काय घडणार हे बऱ्याच अंशी कोणतं तापमान वाट्याला आलं त्यावर ठरतं. नेगेल म्हणत नाही की अधिकारी निर्दोष आहे. तो एवढंच दाखवतो की शांत जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या चांगुलपणाची खात्री जिथून मिळते, ती जागा भुसभुशीत आहे.

मग फाय ऑफ टी म्हणजेच माणसाचा खरा स्वभाव, आत दडलेला, कायमचा? मलाही तसंच वाटलं होतं. हायड्रोजनने ते खोडून काढलं. तोही दोन अणूंचा, नेहमीच्या तापमानाला जवळपास नायट्रोजनसारखीच उष्णता मुरवणारा. १९१२ मध्ये ऑयकेन या जर्मन शास्त्रज्ञाने तो खूप थंड केला, शून्याखाली दोनशे अंशांच्याही खाली. तिथे हायड्रोजन हेलियमसारखा वागू लागला. त्याचे रेणू फिरायचेच थांबले होते. त्याआधी पन्नासेक वर्षं मॅक्सवेलपासून सगळ्यांना छळत होतं की वायूंच्या विशिष्ट उष्म्याचे आकडे गणिताशी का जुळत नाहीत. उत्तर क्वांटम सिद्धान्तात निघालं: फिरण्याची क्षमता असते, पण ती जागी व्हायला पुरेशी ऊब लागते. म्हणून ते टीचं फंक्शन आहे, नुसता आकडा नाही. फार गारठ्यात ठेवलेल्या माणसाकडे आतून काही नाहीच, असं दिसू शकतं. तेही खरं नसतं.

आता सर्वात अवघड भाग. फाय ऑफ टी कळायचं कसं? कॅलरीमीटर लावून. वायूला मोजून उष्णता द्यायची आणि त्याचं तापमान किती चढतं ते बघायचं. म्हणजे लांबून वाचन घेऊन भागत नाही, देवाणघेवाण करावी लागते. मला वाटलं, चला, हे सोपं आहे, लोकांची चौकशी करायची. पण मग त्याचंच वाक्य आठवलं, ‘सांगून काय झालं असतं दादा?’ आपल्या घरातलं दुखणं लीडच्या टेबलावर मांडून रेटिंग वाचवायचं, ही अटच अपमानाची आहे. त्याला न सांगण्याचा पूर्ण हक्क होता. जो आपलं दुःख नीट मांडू शकतो त्याला सूट आणि जो गप्प राहतो त्याला शिक्षा, हा न्याय माझ्या वाक्यापेक्षा फार बरा नाही.

म्हणून मी आता असं मानतो की सगळ्यांचं फाय ऑफ टी जाणून घेणं हे माझं कर्तव्य नाही. ते शक्यही नाही. माझं कर्तव्य त्याहून लहान आहे आणि पाळायला अवघड आहे. ते उत्तराच्या शेवटी लिहायचं. तिथे काहीतरी आहे आणि ते मला माहीत नाही, एवढं कागदावर दिसलं पाहिजे. आणि विचारायचं ते रेटिंगच्या महिन्यात नाही, एरवी. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर काही अवलंबून नाही, असा प्रश्न चहा पिताना विचारायचा. मी तो दीड वर्ष उशिरा विचारला.

तुलना कुठे तुटते तेही सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा तीच चूक करीन. वायूला आठवण नसते. हेलियम पुन्हा ३०० केल्विनवर, आधीच्याच आकारमानात आणला की तो पहिल्यासारखाच असतो, मधे कितीही गोठला असला तरी. माणूस परत त्याच जागी येत नाही. आणि दाबमापकाने वाचन घेतलं म्हणून वायू बदलत नाही, पण मी लिहिलेलं वाक्य त्याने वाचलं. ‘बरोबर आहे दादा’ म्हणताना त्याने ते वाक्य स्वतःबद्दल खरं मानलं असेल का, हा प्रश्न मला रेटिंगपेक्षा जास्त टोचतो.

मे महिन्यात मी त्याला मेसेज केला. लांबलचक लिहिलं, खोडलं, शेवटी तीन ओळी पाठवल्या: मी लिहिलं होतं ते चूक होतं, माझ्याकडे तसं म्हणायला आधार नव्हता, सॉरी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘वडील आता काठी घेऊन चालतात. तुमचं कसं चाललंय दादा? झोप होते का?’

झोप होते का, हे मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

या शुक्रवारी नवा फॉर्म भरायचा आहे. टीममध्ये आता तिघं आहेत. एकाचा आलेख गेल्या महिन्यापासून खाली येतोय. त्याच्या नावापुढे मी दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिल्या ओळीत आकडे आहेत, जसे आहेत तसे. दुसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘परिस्थिती बदलली आहे का, माहीत नाही. विचारलेलं नाही.’ मॅनेजर म्हणेल, असं कुणी लिहितं का? फॉर्म अजून ड्राफ्टमध्येच आहे. आज दुपारी चहाला त्याला घेऊन जाणार आहे. फॉर्मचा विषय काढणार नाही.